जॉन फ्रँकलिन एंडर्स

जॉन फ्रँकलिन एंडर्स (१० फेब्रुवारी १८९७ – ८ सप्टेंबर १९८५) हे अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व विषाणुशास्त्रज्ञ होते. पोलिओचा विषाणू मज्जातंतूंशिवाय इतर ऊतींमध्येही वाढवता येतो, हे सिद्ध केल्याबद्दल त्यांना टॉमस वेलर व फ्रेडरिक रॉबिन्स या सहकाऱ्यांसह १९५४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेत गोवराचा विषाणू प्रथमच ऊतीसंवर्धनात वाढवण्यात आला आणि त्यातून १९६३ साली गोवराची जिवंत लस वापरात आली. या लशीचे जनक म्हणून एंडर्स यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. त्यांच्या कार्याची दुसरी बाजू मात्र तितकीशी परिचित नाही. रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलांमध्ये गोवर अंगावर पुरळ न उमटताही प्राणघातक ठरतो आणि अशा मुलांना जिवंत लस देणे धोक्याचे असते, हेही याच प्रयोगशाळेने दाखवून दिले.

बालपण आणि शिक्षण

एंडर्स यांचा जन्म अमेरिकेतील कनेटिकट राज्यात वेस्ट हार्टफर्ड येथे एका सधन घराण्यात झाला. त्यांचे आजोबा एटना या प्रसिद्ध विमा कंपनीचे अध्यक्ष होते. वडील जॉन ऑस्ट्रम एंडर्स हे हार्टफर्डमधील बँकेचे प्रमुख होते. शहरातील काही प्रतिष्ठितांचे आर्थिक व्यवहार ते सांभाळत आणि त्यांत मार्क ट्वेन हेही होते. न्यू हॅम्पशायरमधील सेंट पॉल्स स्कूल या निवासी शाळेत शिक्षण झाल्यावर एंडर्स यांनी १९१५ मध्ये येल विद्यापीठात प्रवेश घेतला. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरताच १९१७ मध्ये ते शिक्षण सोडून नौदलाच्या राखीव हवाई दलात दाखल झाले व फ्लॉरिडातील पेन्साकोला येथे विमानचालनाचे प्रशिक्षक म्हणून काम करू लागले. युद्ध संपल्यावर ते येलला परतले आणि १९२० साली पदवीधर झाले.

त्यानंतर त्यांनी काही काळ स्थावर मालमत्तेचा व्यवसाय करून पाहिला. तेथे मन न रमल्याने ते हार्वर्ड विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या अभ्यासाकडे वळले. १९२२ मध्ये एम.ए. झाल्यावर आणखी काही वर्षे त्यांनी केल्टिक व ट्यूटॉनिक भाषांचा अभ्यास केला. इंग्रजीचा प्राध्यापक व्हावे, हा त्यांचा त्या वेळचा मनोदय होता.

साहित्याकडून सूक्ष्मजीवशास्त्राकडे

हार्वर्डमध्ये ज्या घरात एंडर्स राहत, तेथे ह्यू वॉर्ड नावाचे ऑस्ट्रेलियन डॉक्टर त्यांचे सहनिवासी होते. वॉर्ड हे वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. संध्याकाळी ते पुन्हा प्रयोगशाळेकडे निघाले की कधीकधी एंडर्स त्यांच्याबरोबर जात. प्राचीन भाषांच्या व्याकरणात बुडालेल्या या विद्यार्थ्याला हळूहळू तेथील कामाची गोडी लागली. विभागप्रमुख हान्स झिन्सर हे टायफस ज्वराचे मोठे संशोधक होते, शिवाय ते कविता करीत आणि साहित्याचे जाणकार वाचक होते. अशा गुरूच्या सहवासात भाषेच्या विद्यार्थ्याला परके वाटण्याचे कारण नव्हते. वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर एंडर्स यांनी क्षेत्र बदलले आणि १९३० मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. मिळवली. वैद्यकाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. साहित्याच्या अभ्यासातील इतकी वर्षे वाया गेली, असे म्हणता येणार नाही. संहितेतील एकेका शब्दाकडे थांबून पाहण्याची सवय त्यांच्या शोधनिबंधांतही दिसते. त्यांची भाषा नेमकी असून दावा पुराव्याच्या पुढे जात नाही.

१९२७ मध्ये सेरा फ्रान्सिस बेनेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी अशी दोन अपत्ये झाली. सेरा यांचे १९४३ साली आकस्मिक निधन झाले. १९५१ मध्ये एंडर्स यांनी कॅरोलिन कीन यांच्याशी विवाह केला.

झिन्सर यांच्या विभागात एंडर्स यांनी सुरुवातीची वर्षे न्यूमोनियाच्या जिवाणूंवर काम केले. पुढे मांजरांच्या एका प्राणघातक साथीच्या निमित्ताने ते विषाणूंकडे वळले. झिन्सर व फॉदरगिल यांच्यासह लिहिलेला रोगप्रतिकारशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षी झिन्सर यांचे रक्ताच्या कर्करोगाने, म्हणजे ल्युकेमियाने निधन झाले. वीस वर्षांनी हाच आजार एंडर्स यांच्या संशोधनात वेगळ्या वाटेने आला.

युद्धकाळ आणि गॅमा ग्लोब्युलिन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एंडर्स हे अमेरिकेच्या युद्धखात्याचे संसर्गजन्य रोगांविषयीचे सल्लागार होते. सैन्यछावण्यांत गालगुंडाच्या साथी येत. त्यामुळे या रोगाचा विषाणू, त्याचे निदान आणि त्यावरची लस हे त्यांच्या कामाचे विषय बनले.

याच काळातले त्यांचे एक काम चरित्रलेखनात बहुधा एका ओळीत उरकले जाते, पण पुढच्या कथानकासाठी ते महत्त्वाचे आहे. हार्वर्डमधील रसायनशास्त्रज्ञ एडविन कोन यांनी जखमी सैनिकांसाठी रक्तद्रवाचे घटक वेगवेगळे करण्याची पद्धत बसवली होती. या घटकांपैकी कोणत्या भागात कोणत्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडे किती प्रमाणात एकवटतात, हे मोजण्याचे काम एंडर्स यांनी केले आणि १९४४ मध्ये ते प्रसिद्ध केले. गॅमा ग्लोब्युलिन नावाच्या अंशात ही प्रतिपिंडे दाट झालेली असतात, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याच वर्षी इतर संशोधकांनी गोवराच्या संपर्कात आलेल्या मुलांना गॅमा ग्लोब्युलिन टोचून रोग टाळता येतो किंवा सौम्य करता येतो, असे दाखवले. ज्या मुलांना लस देता येत नाही त्यांच्यासाठी आजही हाच उपाय योजला जातो. म्हणजे गोवराची लस निर्माण होण्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी, ती लस न चालणाऱ्यांसाठीच्या उपायाच्या पायाभरणीत एंडर्स यांचा वाटा होता.

पोलिओचा विषाणू आणि नोबेल पारितोषिक

युद्धानंतर एंडर्स यांना बॉस्टनच्या बालरुग्णालयात संसर्गजन्य रोगांची संशोधन प्रयोगशाळा उभारण्यासाठी पाचारण करण्यात आले. टॉमस वेलर व फ्रेडरिक रॉबिन्स हे दोघे तरुण डॉक्टर त्यांना तेथे येऊन मिळाले. विषाणू हा जिवंत पेशीतच वाढतो. त्यामुळे त्याच्या अभ्यासासाठी तोवर प्राणी किंवा कोंबडीची उबवती अंडी लागत. परीक्षानळीतील पोषक द्रवात ऊतींचे तुकडे जगवायचे आणि त्यांत विषाणू वाढवायचा, ही कल्पना नवी नव्हती. एंडर्स यांच्या गटाने तो पोषक द्रव वारंवार बदलून ऊती दीर्घकाळ जिवंत ठेवल्या, आणि त्यामुळे सावकाश वाढणाऱ्या विषाणूंनाही पुरेसा अवधी मिळाला.

१९४८ मध्ये दुसऱ्या एका विषाणूच्या प्रयोगासाठी तयार केलेल्या मानवी ऊतींच्या काही नळ्या शिल्लक राहिल्या. पोलिओच्या विषाणूचा नमुना शीतकपाटात होताच. तो त्या उरलेल्या नळ्यांत घातला गेला आणि वाढला. पोलिओचा विषाणू फक्त मज्जाऊतींतच वाढतो, अशी त्या काळची समजूत होती आणि मज्जाऊतींवर वाढवलेली लस माणसाला टोचणे धोक्याचे होते. त्वचा व स्नायूंच्या पेशींवर तो वाढतो असे दिसताच लशीचा मार्ग मोकळा झाला. हा शोध जानेवारी १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि योनास साल्क यांची पोलिओची लस १९५५ मध्ये वापरात आली.

नोबेल पारितोषिकासाठी एंडर्स यांच्या एकट्याच्या नावाचा विचार झाला असता, तरी कोणाला आश्चर्य वाटले नसते. प्रत्यक्ष काम वेलर व रॉबिन्स यांच्याही हातून झाले असल्याने पारितोषिक तिघांनाच मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याप्रमाणे ते तिघांत विभागून देण्यात आले.

गोवराचा विषाणू

लस येण्यापूर्वी गोवर झाल्याशिवाय बालपण सरत नसे. एकट्या अमेरिकेत दरवर्षी ३० ते ४० लाख लोकांना तो होत असावा, असा अंदाज आहे. जगभरात या रोगाने वर्षाकाठी सुमारे २६ लाख मृत्यू होत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढा सर्वव्यापी रोग असूनही त्याचा विषाणू प्रयोगशाळेत खात्रीने वाढवणे कोणाला साधले नव्हते.

जानेवारी १९५४ मध्ये बॉस्टनजवळच्या साउथबरो येथील फे स्कूल या निवासी शाळेत गोवराची साथ आली. एंडर्स यांनी टॉमस पीबल्स या तरुण सहकाऱ्याला तेथे धाडले. पीबल्स आजारी विद्यार्थ्यांच्या घशातील व रक्तातील नमुने घेऊन येत. पहिले प्रयत्न फसले. फेब्रुवारीत डेव्हिड एडमॉन्स्टन या विद्यार्थ्याकडून घेतलेला नमुना मानवी मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढला. कित्येक पेशी एकमेकींत विरघळून अनेक केंद्रके असलेल्या महापेशी तयार झाल्या. गोवराने दगावलेल्या रुग्णांच्या ऊतींत अशाच महापेशी रोगनिदानतज्ज्ञांनी पूर्वी पाहिल्या होत्या, त्यामुळे ही खूण ओळखीची होती. त्या विद्यार्थ्याच्या आडनावावरून विषाणूच्या या वाणाला एडमॉन्स्टन हे नाव मिळाले. जगात आज वापरल्या जाणाऱ्या गोवराच्या लशींपैकी बहुतेक याच वाणाच्या वंशातल्या आहेत.

लशीची घडण

रोगकारक विषाणूला परक्या वातावरणात पुनःपुन्हा वाढवत नेले की तो त्या वातावरणाला सरावतो आणि माणसाच्या शरीरात पूर्वीइतका उपद्रव करू शकत नाही. यालाच विषाणू क्षीण करणे म्हणतात. एडमॉन्स्टन वाण आधी मानवी मूत्रपिंडाच्या पेशींवर २४ वेळा, मग मानवी गर्भवेष्टनाच्या पेशींवर २८ वेळा, त्यानंतर कोंबडीच्या अंड्यांत आणि अखेरीस कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवण्यात आला. या खटाटोपात सॅम्युअल कॅट्झ, मिलान मिलोव्हानोव्हिच, अॅन हॉलोवे आदी सहकारी होते. असा विषाणू माकडांना टोचल्यावर त्यांच्यात प्रतिपिंडे तयार झाली, पण रोग झाला नाही.

ऑक्टोबर १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथील फर्नाल्ड स्कूल या संस्थेत ११ मुलांना ही लस देण्यात आली. सर्वांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली. बऱ्याच मुलांना ताप आला, काहींना फिकट पुरळही उठले. ही संस्था बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची होती. अशा संस्थांत दाटीमुळे गोवराच्या साथी वारंवार येत आणि बळीही घेत, म्हणून तेथील मुलांना लशीचा लाभ सर्वांआधी व्हावा, असा युक्तिवाद तेव्हा केला गेला. पालकांची संमती घेण्यात आली होती. तरीही ज्यांना स्वतःचे मत मांडता येत नाही अशा मुलांवर पहिली चाचणी करणे आजच्या नीतिनियमांत बसणारे नाही. याच संस्थेतील मुलांवर त्याआधी किरणोत्सारी अन्नाचे प्रयोग झाले होते, हे पुढे उघडकीस आले. त्या प्रयोगांशी एंडर्स यांचा संबंध नव्हता. परंतु अशी मुले संशोधकांना किती सहज उपलब्ध होत, हे त्यावरून कळते. १९६० मध्ये न्यूयॉर्कमधील विलोब्रुक या तशाच संस्थेत सॉल क्रुगमन यांनी चाचणी घेतली. त्यानंतर काही आठवड्यांतच तेथे गोवराची साथ आली आणि लस घेतलेली मुले तिच्यातून सुखरूप राहिली.

त्याच वर्षी कॅट्झ लस घेऊन नायजेरियातील इमेसी-इले या गावी गेले. तेथे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मोर्ली काम करीत होते. कुपोषित मुलांत गोवर किती निर्दयपणे बळी घेतो, हे मोर्ली रोज पाहत होते. या मुलांनाही लस लागू पडली, पण लशीमुळे येणारा ताप लक्षणीय होता. लस आणखी सौम्य करायला हवी, ही जाणीव अशा अनुभवांतून पक्की झाली.

२१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत या लशीला परवाना मिळाला. ताप कमी यावा म्हणून सुरुवातीला एका दंडात लस व दुसऱ्या दंडात गॅमा ग्लोब्युलिन टोचले जाई. मॉरिस हिलमन यांनी विषाणू आणखी क्षीण करून बनवलेली लस १९६८ मध्ये आली आणि ही जोडटोचणी बंद झाली. एंडर्स यांनी आपला वाण मागेल त्या संशोधकाला दिला.

पुरळ न उठणारा गोवर

आपल्याकडे गोवर अंगावर नीट फुटला पाहिजे, असे जुन्या बायका सांगत. तो फुटला नाही तर आत जातो, असा समज होता. हा समज शास्त्रीय नव्हे आणि त्यापायी मुलांना औषधोपचाराविना ठेवणे घातकच होते. तरी पुरळ न उठणाऱ्या गोवराची भीती मात्र अगदी निराधार नव्हती, असे एंडर्स यांच्या प्रयोगशाळेतील पुढील संशोधनावरून म्हणावे लागते.

लहान मुलांत आढळणारा महापेशी न्यूमोनिया हा एक दुर्मीळ व बहुधा प्राणघातक विकार रोगनिदानतज्ज्ञांना माहीत होता. मृत बालकांच्या फुप्फुसांत गोवरातल्यासारख्या महापेशी दिसत, पण त्यांपैकी अनेकांच्या अंगावर गोवराचे पुरळ कधी उठलेलेच नसे. त्यामुळे या विकाराचा गोवराशी खरोखर संबंध आहे की नाही, याविषयी वाद होता. १९५९ मध्ये एंडर्स, अॅना मायटस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बालकांच्या फुप्फुसांतून शवविच्छेदनाच्या वेळी गोवराचाच विषाणू वेगळा करून दाखवला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले. निरोगी मुलाच्या शरीरातून गोवराचा विषाणू पुरळ उठल्यानंतर थोड्याच दिवसांत नाहीसा होतो. या रुग्णांत मात्र तो दीर्घकाळ टिकून राहिला होता आणि प्रतिपिंडांची निर्मिती मंदावलेली होती.

गोवराचे पुरळ म्हणजे विषाणूने त्वचेवर केलेली जखम, असे सामान्यतः वाटते. वस्तुतः विषाणू शिरलेल्या पेशींवर शरीराच्या संरक्षक पेशी तुटून पडतात, त्या झटापटीची ती खूण असते. संरक्षक पेशीच नसतील किंवा निकामी झाल्या असतील, तर झटापट होत नाही, पुरळ उठत नाही आणि विषाणू फुप्फुसांत किंवा मेंदूत बिनबोभाट वाढत राहतो. ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेल्या जन्मजात विकारात मुलाला प्रतिपिंडे तयार करता येत नाहीत. अशी मुले मात्र गोवरातून पुरळ उठून इतरांप्रमाणेच बरी होतात, असे दिसून आले. गोवराशी लढण्यात प्रतिपिंडांइतकाच, किंबहुना अधिक, वाटा लसीकापेशींचा असतो, हा निष्कर्ष या दोन प्रकारच्या मुलांच्या तुलनेतून निघाला.

या संशोधनाला आणखी एक पार्श्वभूमी होती. बॉस्टनच्या याच बालरुग्णालयात सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनॉप्टेरिन हे औषध देऊन रोग तात्पुरता मागे हटवता येतो, असे दाखवले होते. हे औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालील गटाने तयार केले होते. पूर्वी काही आठवड्यांत दगावणारी मुले आता महिनोन्महिने जगू लागली. मात्र कर्करोगाच्या पेशींबरोबर ही औषधे शरीराच्या संरक्षक पेशीही मारत. ज्या मुलाचा कर्करोग आटोक्यात आला, त्याचा बळी शेजारच्या मुलाकडून आलेल्या गोवराने घ्यावा, असे प्रसंग घडू लागले.

मग अशा मुलांना नवी लस आधीच का देऊ नये, हा प्रश्न साहजिक होता. मायटस, हॉलोवे, एंडर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र ल्युकेमिया असलेल्या काही मुलांना क्षीण विषाणूची लस देऊन पाहिली. त्यांपैकी एका मुलाच्या शरीरात लशीच्या विषाणूला आवर घालणारे कोणी उरले नव्हते. त्याला महापेशी न्यूमोनिया झाला व त्यात त्याचा मृत्यू झाला. हे सारे १९६२ मध्ये, म्हणजे लशीला परवाना मिळण्यापूर्वी, त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केले. परवान्याच्या तोंडावर आपल्याच लशीने झालेला मृत्यू वैद्यकीय नियतकालिकात मांडण्याचा हा निर्णय एंडर्स यांच्या नोबेल पारितोषिकाइतकाच मोलाचा मानायला हवा. ल्युकेमिया व तत्सम विकार असलेल्या आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांना जिवंत लस देऊ नये, ही सूचना त्यामुळे लशीबरोबर प्रथमपासूनच आली.

मृत विषाणूपासून बनवलेली लस या मुलांना चालेल, अशी आशा काही काळ होती. अशी लसही १९६३ मध्येच अमेरिकेत आली. परंतु तिचे संरक्षण लवकर ओसरे आणि नंतर खरा गोवर झाल्यास त्याचे रूप विचित्र व अधिक तीव्र असे. १९६७ मध्ये ती मागे घेण्यात आली. तेव्हापासून आजतागायत गोवराची लस म्हणजे जिवंत लसच आहे. ती ज्यांना चालत नाही त्यांना संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन टोचणे आणि भोवतालच्या इतर सर्वांना लस देऊन रोग त्यांच्यापर्यंत पोहोचू न देणे, एवढेच मार्ग उरतात. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या समूहात १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो. म्हणून त्याला अडवण्यासाठी ९५ टक्के लोकांना दोन मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात.

स्वभाव आणि अखेरची वर्षे

सहकारी एंडर्स यांना चीफ म्हणत. बो टाय बांधलेले, किंचित वाकलेले एंडर्स रोज प्रयोगशाळेत एकेका टेबलाजवळ थांबून काल काय नवे दिसले, याची चौकशी करीत. पियानो आणि मासेमारी हे त्यांचे छंद होते. सप्टेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने गोवराच्या लशीचे यश जाहीर करताना त्यांच्यावर स्तुतिसुमने उधळली. तेव्हा त्यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून हे काम अनेकांचे असल्याचे कळवले आणि सहकाऱ्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांच्या पदरात टाकले. १९६३ मध्ये त्यांना अमेरिकेचे प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळाले. १९६७ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे परदेशी सदस्य झाले. हार्वर्डमधून निवृत्त झाल्यावरही रुग्णालयातील प्रयोगशाळेत त्यांचे काम चालू होते. या काळात विषाणू व कर्करोग यांच्या संबंधाकडे त्यांचे लक्ष होते.

८ सप्टेंबर १९८५ रोजी कनेटिकटमधील वॉटरफर्ड येथील घरी त्यांचे निधन झाले. त्या रात्री त्यांनी घरच्यांना टी. एस. एलियट यांच्या कविता वाचून दाखवल्या होत्या.

भारतातील लसीकरण आणि दुर्बल प्रतिकारशक्तीची मुले

एंडर्स यांच्या निधनानंतर दहा आठवड्यांनी, १९ नोव्हेंबर १९८५ रोजी भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात गोवराच्या लशीचा समावेश झाला. दुसरी मात्रा २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. २०१७ पासून गोवर व रुबेला यांची एकत्रित लस देण्यात येऊ लागली. महाराष्ट्रात या लशीची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीत एडमॉन्स्टन-झाग्रेब हा वाण असतो. एडमॉन्स्टन वाणाला क्रोएशियातील झाग्रेब येथे मानवी पेशींवर आणखी वाढवून तो तयार झाला. काटोलच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा एखाद्या खेड्याच्या अंगणवाडीत नऊ महिन्यांच्या बाळाच्या उजव्या दंडावर जी सुई टोचली जाते, तिचे मूळ असे १९५४ च्या त्या शाळेपर्यंत जाते.

एंडर्स यांच्या प्रयोगशाळेने घालून दिलेली मर्यादा व्यवहारात कधीकधी नको तितकी ताणली जाते, असे दिसते. अशक्त दिसणारे प्रत्येक मूल प्रतिकारशक्ती गमावलेले नसते. कुपोषण हे गोवराची लस टाळण्याचे कारण नाही. कुपोषित मुलाला गोवर अधिक मारक ठरत असल्याने त्याला लस चुकता कामा नये. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात प्लीहा निकामी होत जाते, पण त्यामुळेही या लशीला मनाई होत नाही. एचआयव्हीबाधित मुलांपैकी ज्यांची प्रतिकारशक्ती फारशी ढासळलेली नाही त्यांना लस देण्यात येते आणि जागतिक आरोग्य संघटनेने अशा बाळांसाठी सहाव्या महिन्यापासून एक जादा मात्रा सुचवली आहे. खरी मनाई आहे ती ल्युकेमियासारख्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या, जन्मजात तीव्र प्रतिकारदोष असलेल्या, एचआयव्हीने प्रतिकारशक्ती पार खालावलेल्या किंवा स्टेरॉइडची मोठी मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांना. यांतील औषधोपचारांमुळे आलेली मनाई बहुधा तात्पुरती असते. केमोथेरपी संपून काही महिने गेले आणि रक्तपेशी सावरल्या की डॉक्टरांच्या सल्ल्याने लस देता येते.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची मोठी साथ आली. लसीकरणातून सुटलेल्या बालकांची संख्या अशा दाट वस्त्यांत किती साचली होती, हे तेव्हा दिसले. साथीच्या भागांतील पाच वर्षांखालील मुलांना जादा मात्रा देण्यात आली.

उपचार चालू असलेल्या मुलाच्या घरातील भावंडांना लस द्यावी की नाही, हा प्रश्न पालकांना नेहमी पडतो. तोंडावाटे द्यायच्या पोलिओच्या लशीचा विषाणू विष्ठेतून इतरांकडे जाऊ शकतो, म्हणून अशा घरात ती टाळतात. गोवराच्या लशीचा विषाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे गेल्याचे आढळलेले नाही. त्यामुळे आजारी मुलाच्या भावंडांना ती वेळेवर देण्यात येते.